स्वयंचलित फाटकाचा सेन्सर: वडोदऱ्याचा अनुभव आणि घरच्या घरी घ्यावयाची निगा

बंगल्याच्या आवारात गाडी नेताना रिमोटची कळ दाबून फाटक उघडणे ही सोय आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. गोव्यातही नव्या वसाहतींत आणि बंगल्यांत मोटरवर चालणारी सरकती फाटके व शटर दिसू लागली आहेत. पाश्चात्त्य देशांत घराला जोडून बंदिस्त गॅरेज असते आणि त्याचा दरवाजा वरून खाली येतो. आपल्याकडे गाडी बहुधा आवारात उभी राहते, त्यामुळे गॅरेजच्या दरवाजाचे काम कुंपणाच्या फाटकाकडे आले आहे. दोन्हींचा धोका एकच आहे. जड लोखंडी चौकट मोटरच्या जोरावर बंद होत असताना वाटेत कोणी आले, तर ते ओळखून तिला थांबवणारे काही तरी हवे. हे काम दोन खांबांवर समोरासमोर बसवलेल्या लहानशा सेन्सरच्या जोडीकडे असते.

या सेन्सरची निगा समजून घेण्यासाठी वडोदऱ्याचे उदाहरण उपयोगी आहे. अलकापुरी, अकोटा, सुभानपुरा, कारेलीबाग, मांजलपूर, वासणा-भायली अशा भागांत बंगल्यांच्या सोसायट्या मोठ्या प्रमाणावर आहेत. गायकवाडी काळापासून तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक जण दांडिया बाजार, रावपुऱ्यातील जुने वाडे सोडून अशा सोसायट्यांत राहावयास गेले आहेत. शिवाय उन्हाळ्यातील धूळ, उत्तरायणातील पतंगाचा मांजा आणि विश्वामित्री नदीचा पूर या तिन्ही गोष्टी तेथील फाटकांच्या वाट्याला येतात. सेन्सर कोणकोणत्या कारणांनी बिघडू शकतो, याचे जवळजवळ संपूर्ण चित्र त्या एका शहरात पाहावयास मिळते.

सेन्सर काम कसा करतो

जोडीतील एक डबी अवरक्त किरण सोडते, तर दुसरी तो ग्रहण करते. हा किरण डोळ्यांना दिसत नाही. ग्रहण करणाऱ्या डबीपर्यंत किरण पोहोचत असेल तोवर तिच्यातील रिलेची दोन टोके जुळलेली राहतात आणि ‘वाट मोकळी आहे’ असा संदेश मोटरच्या कंट्रोल बोर्डाला मिळत असतो. किरण अडला की टोके विलग होतात, संदेश तुटतो आणि बंद होणारे फाटक थांबून उलट फिरते. तार तुटली, डबीचा वीजपुरवठा गेला किंवा काच धुळीने झाकली गेली, तरी संदेश तुटतोच. म्हणजे बिघाड झाल्यास फाटक बंद न होणे हीच या रचनेतील सुरक्षितता आहे.

घरगुती सरकत्या फाटकाचा वेग साधारणपणे सेकंदाला पंधरा ते वीस सेंटिमीटर असतो. चार मीटरची वाट बंद होण्यास वीस-पंचवीस सेकंद लागतात. हा वेग पाहणाऱ्याला संथ वाटतो आणि त्यामुळेच फसवा ठरतो. घरगुती मोटर चारशे ते हजार किलो वजनाच्या फाटकांसाठी बनवलेल्या असतात. एवढे वजन हाताने अडवता येत नाही. फाटकाची पुढची कड आणि खांब, तसेच फाटकाच्या सळया आणि भिंत यांमधील अरुंद जागेत मूल सापडले, तर बाहेर पडण्यास त्याला अवकाश मिळत नाही.

अमेरिकेत १९८०च्या दशकात गॅरेजच्या स्वयंचलित दरवाजाखाली सापडून अनेक लहान मुलांचे प्राण गेले. त्यानंतर तेथे कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती गॅरेज-यंत्रांना, आदळल्यावर उलट फिरण्याच्या मूळ व्यवस्थेखेरीज, सेन्सरसारखी आणखी एक स्वतंत्र सुरक्षा-व्यवस्था बंधनकारक झाली. दरवाजाला अडथळा लागल्यानंतर दोन सेकंदांच्या आत तो उलट फिरला पाहिजे, अशीही अट आहे. आपल्याकडे मात्र सेन्सर अनेकदा मोटरच्या किमतीत धरलेला नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो आणि खर्च वाचवण्याच्या नादात वगळला जातो. म्हणून निगेची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी: आपल्या फाटकाला सेन्सर आहे काय आणि असल्यास तो खरोखर जोडलेला आहे काय?

सर्वांत मोठा धोका: ‘बायपास’ केलेला सेन्सर

सेन्सरची काच मळली किंवा डबी किंचित कलली की फाटक बंद होईनासे होते. रात्री उघडे फाटक टाकून झोपणे कोणालाच परवडत नाही. तंत्रज्ञाला फोन जातो. त्याला घाई असेल तर तो कंट्रोल बोर्डावरील सेन्सरच्या दोन टोकांमध्ये तारेचा बोटभर तुकडा अडकवतो. बोर्डाला ‘वाट मोकळी’ हा संदेश कायमचा मिळू लागतो आणि फाटक पूर्ववत चालते. नवी डबी मिळेपर्यंतची ही तात्पुरती सोय पुढे विस्मरणात जाते.

यातील खरी अडचण अशी की, बायपास केलेला सेन्सर आणि चालू सेन्सर बाहेरून अगदी सारखे दिसतात. डबी खांबावर असते, तिच्यातील दिवाही लागलेला असू शकतो. रिलेची टोके वितळून एकमेकांना चिकटली तरी हेच घडते. किरण अडला काय आणि न अडला काय, संदेश चालूच राहतो. मूळ रचना बिघाडाच्या वेळी फाटक थांबवणारी असली, तरी या दोन प्रसंगी ती निष्प्रभ ठरते. म्हणून दिवा पाहून समाधान मानू नये. प्रत्यक्ष चाचणी हाच एकमेव पुरावा होय.

दर महिन्याची चाचणी

महिन्यातील एक ठरावीक दिवस, उदाहरणार्थ वीजबिल भरण्याचा दिवस, या कामासाठी राखून ठेवावा. एकूण दहा मिनिटे पुरतात. चाचणीच्या वेळी मुले व पाळीव प्राणी घरात असावेत आणि एका व्यक्तीने रिमोट हाती धरून फाटकाकडे सतत लक्ष ठेवावे.

पहिली चाचणी किरणाची. फाटक पूर्ण उघडून बंद होण्याची आज्ञा द्यावी. फाटक निम्म्यावर आले की बाजूला उभे राहून केरसुणीचा लांब दांडा किंवा पुठ्ठ्याचे खोके किरणाच्या रेषेत धरावे. फाटक तत्काळ थांबून उघडू लागले पाहिजे. हीच कृती वाटेच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी अशी तीनदा करावी.

दुसरी चाचणी बायपास ओळखण्याची. फाटक उघडे असताना किरण सोडणाऱ्या डबीची काच जाड कापडाने किंवा काळ्या चिकटपट्टीने पूर्ण झाकावी आणि रिमोटची कळ दाबावी. फाटक हलता कामा नये. ते बंद होऊ लागले, तर सेन्सर जोडलेला नाही, बायपास आहे किंवा रिले चिकटला आहे असे समजावे. अशा वेळी मोटरची वीज बंद करून फाटक हाताने वापरावे आणि त्याच दिवशी तंत्रज्ञ बोलवावा.

तिसरी चाचणी दाबाची. किरण एकाच उंचीवरून जात असल्याने त्याच्या वर किंवा खाली असलेली वस्तू त्याला दिसत नाही. अशा वेळी फाटक कशाला तरी टेकले की मोटरने प्रतिकार ओळखून मागे फिरणे अपेक्षित असते. वरून खाली येणाऱ्या गॅरेज-दरवाजाखाली सुमारे चार सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी आडवी ठेवावी. दरवाजा तिला टेकल्यावर दोन सेकंदांत वर गेला पाहिजे. सरकत्या फाटकाच्या वाटेत खांबाला लागून मोठे रिकामे खोके उभे करावे. खोके पूर्ण चिरडले गेले, तर दाबाची मर्यादा जास्त लावलेली आहे. ती कमी करण्याचे काम तंत्रज्ञाचे आहे. ही चाचणी स्वतःच्या हाताने किंवा पायाने कधीही करू नये.

चाचणीची तारीख मोटरच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावी. सोसायटीच्या सामाईक फाटकाबाबत ही नोंद सचिवाच्या वहीत असावी आणि चाचणीच्या वेळी पहारेकरी उपस्थित असावा, कारण दिवसभर फाटकाशी त्याचाच संबंध येतो.

धूळ, जाळी आणि काच

वडोदऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि बांधकामे चालू असलेल्या भागांत धुळीचा थर दोन दिवसांत साचतो. सेन्सरची काच बहुधा प्लॅस्टिकची असते. कोरड्या फडक्याने जोरात पुसल्यास धुळीचे कणच तिच्यावर ओरखडे पाडतात. आधी मऊ ब्रशने धूळ झटकावी, मग पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसावे. थिनर, पेट्रोल किंवा फरशी पुसण्याचे तीव्र द्रावण वापरू नये, कारण त्याने काच धुरकट होते. गंज काढण्याचे तेलकट फवारेही काचेवर पडू देऊ नयेत. तेलाच्या थरावर धूळ अधिक चिकटते.

डबीच्या आडोशाला कोळी जाळे विणतात, मुंग्या आणि पाली आत शिरतात. तार जेथून आत जाते ते छिद्र रबरी बुचाने बंद असल्याची खात्री करावी. बोगनवेल किंवा मधुमालतीची फांदी किरणाच्या वाटेत झुलत असेल, तर फाटक वाऱ्याच्या दिवशीच अडते आणि दोष सेन्सरला दिला जातो. खांबाजवळची वेल महिन्यातून एकदा छाटावी.

उत्तरायण, म्हणजे १४ जानेवारी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचे ‘वासी उत्तरायण’ वडोदऱ्यात पतंगांच्या जल्लोषात जाते. त्यानंतर काही दिवस तुटलेला मांजा सर्वत्र लोंबकळत असतो. तो फाटकाची चाके, मोटरचे दातेरी चाक आणि दातेरी पट्टी यांत गुंडाळला जातो. एकट्या दोऱ्याने किरण अडत नाही, परंतु अडकलेला पतंग किंवा दोऱ्याचा गुंता त्याला अडवू शकतो. मांजा काढताना मोटरची वीज बंद असावी आणि हातांत जाड मोजे असावेत.

किरणाची रेषा आणि मावळतीचे ऊन

फाटक दिवसभर नीट चालते आणि ठरावीक वेळी मात्र अडते, ही तक्रार अनेकदा उन्हामुळे उद्भवते. फाटक उत्तराभिमुख किंवा दक्षिणाभिमुख असेल तर किरणाची रेषा पूर्व-पश्चिम जाते. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश ग्रहण करणाऱ्या डबीत थेट शिरतो आणि तिला किरण वेगळा ओळखता येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने पूर्वी नसलेला त्रास अचानक सुरू होऊ शकतो. यावर दोन उपाय आहेत. डबीवर दोन-तीन इंच पुढे येणारी काळी टोपी बसवावी. तेवढ्याने न भागल्यास दोन्ही डब्यांची अदलाबदल करून ग्रहण करणाऱ्या डबीचे तोंड भिंतीची किंवा झाडाची सावली असलेल्या दिशेला करून घ्यावे.

डबी कलली असेल तर तिची रेषा घरीही जुळवता येते. दोन्ही डब्यांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून ती सारखी आहे ना, हे पाहावे. मग ग्रहण करणाऱ्या डबीचा स्क्रू किंचित सैल करून ती हळूहळू फिरवावी आणि तिच्यातील दिवा स्थिर झाला की स्क्रू घट्ट करावा. कोणत्या रंगाचा दिवा कशाचा निदर्शक आहे, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. त्यासाठी माहितीपुस्तिका पाहावी. शेवटी खांबावर मुठीने दोन-तीनदा ठोकून पाहावे. दिवा लुकलुकला तर जोडणी अद्याप सैल आहे.

उंचीचाही विचार हवा. गॅरेजच्या दरवाजाला सेन्सर जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरपेक्षा अधिक उंच नसावा, असा नियम आहे, कारण रांगणारे मूलही त्यात टिपले गेले पाहिजे. सरकत्या फाटकाला तो बहुधा गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीवर असतो. घरात लहान मुले असतील तर खालच्या पातळीवर दुसरी जोडी बसवून घेणे आणि फाटकाच्या पुढच्या कडेला दाब ओळखणारी रबरी पट्टी लावणे हिताचे आहे.

पुरानंतरची खबरदारी

३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि शहराचे अनेक भाग दोन-तीन दिवस पाण्यात राहिले. अशा वेळी सर्वांत आधी बुडतात ते जमिनीलगतचे सेन्सर आणि मोटर. पाणी ओसरल्यावर त्यांत बारीक गाळ राहतो. यंत्र पहिल्या दिवशी चालले तरी आतील टोके हळूहळू गंजत जातात आणि बिघाड काही आठवड्यांनी उघड होतो.

पाणी चढण्याची चिन्हे दिसताच फाटकाचा एमसीबी बंद करावा आणि मोटर मोकळी करण्याची किल्ली फिरवून फाटक हाताने चालेल असे करून ठेवावे. पाण्यात उभे राहून यातील कोणतेही काम करू नये. ही किल्ली कोठे आहे, हे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ठाऊक असावे. वीज गेल्यावर फाटक न उघडल्याने माणसे आवारात अडकणे हाही धोकाच आहे. पाणी ओसरल्यावर वीज लगेच सुरू करू नये. विश्वामित्रीच्या पुरात वस्त्यांमध्ये मगरी आल्याचे आणि वनखात्याने त्या पकडल्याचे वडोदऱ्याने पाहिले आहे. साप तर कोठेही येतात. म्हणून मोटरच्या खोबणीत किंवा फाटकामागे हात घालण्यापूर्वी काठी व विजेरी घेऊन पाहणी करावी. तंत्रज्ञाकडून डब्या उघडून, स्वच्छ करून, पूर्ण वाळवून घ्याव्यात. विजेच्या तारांचे इन्सुलेशन तपासून मगच पुरवठा सुरू करावा. बुडालेली सेन्सरची जोडी बदलणेच श्रेयस्कर ठरते, कारण मोटरच्या तुलनेत तिची किंमत अल्प असते. बायपास करण्याचा मोह होतो तोही याच दिवसांत, म्हणून पुरानंतरच्या दुरुस्तीनंतर वरील तिन्ही चाचण्या तंत्रज्ञाच्या समोरच कराव्यात.

गोव्यातील वेगळी परिस्थिती

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वडोदऱ्यातील पावसाच्या तो तिपटीच्या आसपास आहे. येथे धुळीपेक्षा ओल, शेवाळ आणि किनारपट्टीवरील खारा वारा हे सेन्सरचे खरे शत्रू होत. जोडणीची टोके हिरवट-पांढरी झाली की संदेश मधूनमधून तुटू लागतो. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये डब्यांची रबरी सील, तारांचे सांधे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. उघड्यावरील तारांचे सांधे चिकटपट्टीने गुंडाळण्याऐवजी जलरोधक डबीत असावेत. विजांच्या कडकडाटात बोर्ड जळू नये यासाठी सर्ज-संरक्षक उपकरण आणि विजेचा धक्का टाळण्यासाठी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. सुट्टीत बंद राहणाऱ्या घरांबाबत, परतल्यावर फाटक वापरण्यापूर्वी चाचणी करण्याचा दंडक ठेवावा.

सेन्सरच्या आवाक्याबाहेरचे

सेन्सर वाट मोकळी आहे की नाही, एवढेच पाहतो. फाटक रुळावरून घसरून कोसळले तर तो काहीही करू शकत नाही. जुलै २०२४ अखेरीस पिंपरी-चिंचवडमधील बोपखेल येथे खेळत असलेल्या लहान मुलीच्या अंगावर हाताने सरकवले जाणारे लोखंडी फाटक कोसळून तिचा मृत्यू झाला. रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडसर, वरच्या बाजूस फाटक धरून ठेवणारे रूळ आणि न झिजलेली चाके ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. मोटर बसवण्यापूर्वी फाटक हाताने सहज सरकते काय आणि हलवल्यास डुलते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

दुकानांच्या आणि तळघरातील वाहनतळांच्या मोटरवरील शटरला अनेकदा सेन्सर नसतोच. तेथे कळ दाबून धरल्याखेरीज शटर खाली येणार नाही आणि कळीजवळ उभ्या माणसाला संपूर्ण शटर दिसेल, अशी व्यवस्था असावी. ताणलेली स्प्रिंग, मोटरची वीजजोडणी आणि कंट्रोल बोर्ड यांना घरच्या माणसांनी हात लावू नये. घरच्यांचे काम पाहणी, सफाई, रेषा जुळवणे आणि चाचणी एवढेच आहे.

घरातही काही नियम कटाक्षाने पाळावेत. भिंतीवरील कळ मुलांच्या हाताला न लागेल अशी, किमान पाच फूट उंचीवर असावी. रिमोट खेळणे म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. फाटक पूर्ण बंद होईपर्यंत चालकाने गाडी पुढे नेऊ नये. बंद होत असलेल्या फाटकातून धावत निसटण्याची सवय मोठ्यांनी आधी सोडावी, कारण मुले तीच उचलतात. तंत्रज्ञाला दुरुस्तीचे पैसे देताना, सेन्सर जोडलेला आणि चालू आहे असे बिलावर लिहून घ्यावे. त्याला ते लिहिता येत नसेल, तर दुरुस्ती अद्याप पूर्ण झालेली नाही असे मानून फाटक हातानेच वापरावे.